तांदूळ ठेवून घेतले

कादंबरी चौथ्यांदा परत आली त्या दिवशी मी घरातली सगळी पितळी भांडी घासून काढली. पहिल्या नकाराला मी दोन दिवस रडले होते. दुसऱ्याच्या वेळी प्रकाशकांना आपल्याकडच्या माणसांतलं ओ की ठो कळत नाही, हे नवऱ्याला तासभर समजावून सांगितलं होतं आणि तो बिचारा शिफ्टची बस चुकवून ऐकत बसला होता. तिसऱ्यांनी उत्तरच पाठवलं नाही, त्यामुळे आठ महिने आशेवर निघाले. चौथ्याला मात्र रडूही आलं नाही आणि रागही आला नाही. चिंच आणि मीठ घेऊन मागच्या दारी बसले आणि घंगाळापासून सुरुवात केली.

विकासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा डोकावून पाहिलं आणि काही न बोलता तो आत गेला. चौदा वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलेलं आहे.

भांडी संपल्यावर मी हात धुतले, कादंबरीचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि ती माळ्यावर टाकून दिली. आता लिहायचं नाही, कानाला खडा. कामशेतच्या एका शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. दाखले, बोनाफाईड, पगारपत्रकं, हे लिहिलेलं निदान कुणी परत पाठवत नाही.

माझे सासरे अंबाजी, आमचे आबा, पडवीत बसून हे सगळं पाहत होते. आमचं घर कामशेतजवळ, बेडशाला. पण आबांना मावळात जे ओळखतात ते शेतीमुळे नव्हे. आबा लग्नं जमवतात. आतापर्यंत दोनशेच्या वर जमवली असतील. हल्ली मुलंमुली मोबाईलवर बायोडेटा पाठवून मोकळी होतात, तरी कुठे घोडं अडलं की दोन्हीकडची माणसं आबांना शोधत आमच्या पडवीत येऊन बसतात. भात झोडून झालं होतं, तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, म्हणजे त्यांच्या कामाचेच दिवस होते.

"काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं.

"नको म्हणतात."

"ते भांड्यांवरनं कळलं. कारण काय दिलं?"

मला हसूही आलं आणि चीडही. मी आलेली तिन्ही पत्रं त्यांच्या पुढ्यात टाकली. आबा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ठेवून वाचायला लागले. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की आमची पुढच्या दोन वर्षांची पुस्तकं ठरलेली आहेत.

"पोराला इतक्यात लगीन करायचं न्हाई," आबा म्हणाले आणि त्यांनी ते पत्र बाजूला ठेवलं.

दुसऱ्यात होतं की आपलं लेखन आमच्या प्रकाशनाच्या स्वरूपात बसत नाही.

"पत्रिका जुळत न्हाई. पोरी, पत्रिका कुणी बघितलेलीच नसती. सांगायला बरं पडतं. आन त्या तिसऱ्यांनी कळवतो म्हणून कळवलं न्हाई ना? त्यांनी फोटोचं पाकीटसुदीक फोडलेलं न्हाई."

चौथं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. 'लेखन आश्वासक आहे. आईची व्यक्तिरेखा लक्षात राहते. तथापि सध्या हे हस्तलिखित स्वीकारता येत नाही.' खाली संपादिका म्हणून अनघा असं नाव आणि सही होती.

"हितं पोरगी बघितलीय," आबा म्हणाले. "आईचं नाव काढलंय बग. न बघता आईचं नाव कोण काढतं? ह्यांनी पोहे खाल्ले, घरी जाऊन इचार केला, मग नको म्हणले. म्हंजी कारण हाय. ह्या कागदावर न्हाई, त्यांच्या पोटात हाय. ते काढायचं तर जावं लागंल."

"कुठे?"

"पुण्याला. बाईंकडं."

मला हे अजिबात परवडणारं नव्हतं. का ते आधी सांगायला हवं.

माझ्या कादंबरीत एक सासरा आहे. नाव वेगळं आहे, गाव वेगळं आहे, पण तो म्हणजे आबाच. माझं लग्न झालं त्या वर्षी माझी नणंद संगीता बारावी झाली होती आणि चिंचवडच्या एका कॉलेजात नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी वडिलांची सही तिथे जाऊन करायची होती. सकाळी आबा म्हणाले, "तू कशाला हेलपाटा घालतीस, मीच जाऊन येतो," आणि तिची फाईल घेऊन गेले. संगीता नवा ड्रेस घालून दिवसभर उंबऱ्यात बसून होती. संध्याकाळी आबा आले, फाईल तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मुदत संपली म्हणले." मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती. ती नोटीस मीच तिला वाचून दाखवली होती. मी नवी सून, मी गप्प बसले. सहा महिन्यांत संगीताचं लग्न झालं. ती आता चाकणला असते, ब्लाउज शिवते, दोन मुलं आहेत. माहेरी येते तेव्हा बापाशी भाताबद्दल बोलते, गाईबद्दल बोलते, आणखी कशाबद्दल बोलत नाही.

तो दिवस मी कादंबरीत लिहिला. उंबऱ्यातली मुलगी लिहिली, आणि त्याच वेळी तिचा बाप दुसऱ्या गावात सुपारीच्या जेवणावळीत बसून जिलबी खातोय असंही लिहिलं. चांगली दोन पानं खातोय. लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. विकासने तिथपर्यंत वाचलं आणि गठ्ठा परत देऊन म्हणाला, "पुढचं नको." आबांना मी एक ओळही दाखवली नव्हती.

आणि आता ते स्वतः त्या पुस्तकाची रदबदली करायला निघाले होते.

"आबा, तिकडे असं कुणी जात नाही," मी म्हटलं.

"नकार आलेल्या घरी दुसऱ्यांदा कुणीच जात न्हाई. म्हणून तर जमणारी लग्नं मोडत्यात."

नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याने होईना. शिवाय खोटं कशाला बोलू, मला ते कारण हवं होतं. चार वर्षं पहाटे उठून मी लिहिलेलं चांगलं होतं की नव्हतं, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. माळ्यावरची पिशवी पुन्हा उघडायची की नाही, हे त्या बाईंच्या पोटात काय आहे त्यावर ठरणार होतं. म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय आहे, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल.

गुरुवारी आबांनी धुतलेली टोपी घातली. बोलणीला एकट्याने जायचं नसतं, म्हणून शेजारचे सीतारामभाऊ बरोबर घेतले. हे रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना कुठेही न्या. आणि पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेतला, आमच्या शेतातला. आबांच्या बोलणीची एक रीत आहे. जाताना ते घरचा तांदूळ नेतात आणि निघताना तिथेच ठेवतात. समोरच्याने ठेवून घेतला तर बोलणी चालू. परत केला तर विषय कायमचा मिटला, मग आबा त्या घराचं नावही काढत नाहीत. मावळात बहुतेकांना ही रीत माहीत आहे. पुण्यातल्या संपादिकेला कुठून माहीत असणार, असं मी म्हणून पाहिलं. आबा म्हणाले, "माणसं सगळीकडं सारखीच असत्यात."

त्या दिवशी मी ऑफिसात एका मुलाच्या दाखल्यावर जन्मतारखेच्या जागी त्याचा पत्ता लिहिला.

दोघे दिवेलागणीला परत आले. सीतारामभाऊ आमच्या दारात न थांबता सरळ आपल्या घरी गेले, तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं. कारण फुकटचा चहा त्यांनी आजवर सोडलेला नाही. आबांनी पाय धुतले, टोपी खुंटीला लावली.

"तांदूळ ठेवून घेतले," ते म्हणाले.

"आणि कारण?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काय न्हाई. पत्रिकेत थोडं हाय."

"आबा, पत्रिका कुणी बघितलेलीच नसते. तुम्हीच सांगितलंत."

"व्हय," ते म्हणाले. अर्धी भाकरी खाऊन ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कामशेतच्या बाजारात मी सीतारामभाऊंना गाठलं. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन ते रिक्षाची वाट पाहत होते. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"भाऊ, काल काय झालं?"

"आबा म्हणलाय, बोलायचं न्हाई."

"तुम्ही नाही सांगितलं तर मी त्या बाईंना फोन करीन."

भाऊंनी पिशव्या खाली ठेवल्या. त्यांनाही कुणाला तरी सांगायचंच होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"बाई चांगल्या हायत," ते म्हणाले. "आमाला बसवलं, चहा दिला. तुझ्या आबानं इचारलं, बाई, पोरीला कळवायला न्हाई, पण मला खरं कारण सांगा. मी दोनशे घरांचे नकार पचवलेत, हा एक पचवीन. बाई हसल्या. मग म्हणल्या, सगळी माणसं खरी वाटत्यात, फकस्त तो सासरा खोटा वाटतो. लेकीची फाईल घेऊन जातो, ती उंबऱ्यात बसलीय आन हा जिलबी खातो. एवढा दगड माणूस कुटं असतो का? लिहिणारीनं त्याच्यावर राग काढलाय, त्याला समजून घेतलेलंच न्हाई. म्हणून पुस्तक उभं ऱ्हात न्हाई."

बाजारात कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं.

"तुझ्या आबाचा चहा तसाच ऱ्हायला," भाऊ म्हणाले. "कप हातातच. मला काय कळंना. मग म्हणला, बाई, असतो असा माणूस. तुमच्या म्होरं बसलाय. पोरीनं खरं लिवलंय, तिला खोटं म्हणू नका. फकस्त त्या दिवशी जिलबी खाल्ली न्हवती त्यानं."

"मग?"

"बाईंनी इचारलं, काय केलं होतं त्या दिवशी? आबा म्हणला, ते लिहिणारीला सांगीन. बाई म्हणल्या, ते आलं तर मी परत वाचीन. घेईनच असं न्हाई, पण वाचीन. मग आमी तांदूळ ठेवला आन निघालो. गाडीत तुझा आबा एक शब्द बोलला न्हाई. बेगडेवाडी आली तवा खिडकीकडं पाठ करून बसला."

रिक्षा आली आणि भाऊ गेले. मी पुढच्या रिक्षात बसले. मला माझीच लाज वाटत होती आणि ती झाकायला काही सापडत नव्हतं. चार वर्षं मी एका माणसाचा दिवस लिहीत होते आणि तो माणूस आमच्याच पडवीत बसलेला असताना त्याला एकदाही विचारलं नव्हतं की आबा, त्या दिवशी तुम्ही कुठे होता. प्रकाशकांनी मला कारण न सांगता नाकारलं म्हणून मी भांडी घासत बसले होते. मी आबांना चौदा वर्षं कारण न सांगताच नाकारलं होतं.

घरी आले तेव्हा आबा पडवीत मोबाईलवर कुणाचा तरी बायोडेटा वाचत होते. मी पर्स न ठेवताच त्यांच्यासमोर बसले.

"जिलबी नाही खाल्ली, तर काय केलं होतं?"

आबांनी चष्मा काढला. "सीतारामाच्या पोटात पाणीबी ऱ्हात न्हाई."

"मला तुमच्याकडून ऐकायचंय."

बराच वेळ त्यांनी चष्म्याच्या काड्या उघडल्या, मिटल्या. मग बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"मी जायलाच निघालतो. सही करायलाच. खोटं न्हाई सांगत. पर त्याच्या आदल्या आठवड्यात बेगडेवाडीच्या एका घरी मी नकार घेऊन गेलतो. पोरगी नर्स. गुणाची. पोराकडची म्हणली, रात्रीची ड्युटी असती, नको. मी त्या बापाला सांगितलं, पत्रिका जुळंना. त्यो माझ्याकडं नुसता बघत ऱ्हायला. सातवा नकार हुता त्याच्या पोरीला. त्याला समदं कळत हुतं."

आबांनीच लावून ठेवलेल्या कुकरची आत शिट्टी झाली.

"गाडीत संगीची फाईल मांडीवर. बेगडेवाडी आली आन मी उतरलो. म्हणलं, त्या बापालाच इचारावं, पोरीला शिकवून पस्तावलास का रं. पर पाय उचलंना. बाकावर बसलो. मग दुसऱ्या गाडीतनं ती पोरगीच उतरली, ड्युटीवरनं आलेली. मला बघून म्हणली, काका, हितं का बसलाय, चला घरी चहाला. हसून म्हणली गं. तिला वाटत हुतं पत्रिकाच जुळली न्हाई. मी म्हणलं, दुसरं काम हाय. ती गेली. मला वाटलं, उद्या माझ्या दारात माझ्यासारखाच कुणीतरी बसंल आन संगीबद्दल हेच म्हणंल. लय भ्या वाटलं. चिंचवडच्या गाड्या येत हुत्या, जात हुत्या. चार वाजता मी इकडच्या गाडीत बसलो."

"आणि त्या मुलीचं?"

"तिचं पुढं झालं, तिनंच जमवलं. मोठ्या हॉस्पिटलात हाय आता. मला पत्रिका आली हुती लग्नाची. मी गेलो न्हाई." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे लिव तू. बाई म्हणल्या, हे आलं तर वाचीन. मी दगड न्हवतो, भित्रा हुतो. तसं लिव."

माझे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी, काय सांगू, डोक्यात वाक्यंही तयार व्हायला लागली होती. बाक, मांडीवरची फाईल, हसून चहाला बोलावणारी मुलगी. जात्याच अशी आहे मी. पण त्या वाक्यांच्या मागे मला उंबऱ्यातला तो नवा ड्रेस दिसत होता, आणि या वेळी मी गप्प बसले नाही.

"नाही लिहिणार, आबा."

त्यांनी चमकून पाहिलं.

"आधी संगीताताईंना सांगा. हे कारण माझं नाही, त्यांचं आहे. त्यांनी ते पुस्तकात वाचायचं का? बाजारातून विकत आणून?"

"चौदा वर्सांनी काय सांगू तिला?"

"मला सांगितलंत तेच."

"ती फोन ठेवंल."

"ठेवू दे. मग परत करा. नकार आलेल्या घरी दुसऱ्यांदा जायचं असतं ना?"

आबांनी मोबाईल हातात घेतला, परत खाली ठेवला. ज्या माणसाने दोनशे घरांत शब्द टाकले, त्याला पोटच्या लेकीचा नंबर लावायला हिंमत होईना, हे बघवत नव्हतं. मी फोन लावून देऊ का, असं विचारणार होते, तेवढ्यात त्यांनीच लावला. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज मलाही ऐकू आला.

"संगे, आबा बोलतुया. जेवलीस का? … न्हाई, गाय बरी हाय. समदी बरी हायत." ते थांबले. "मशीन जरा बंद कर, पोरी. … तुझ्या कॉलेजची मुदत संपली न्हवती."

मशीनचा आवाज थांबला. मी उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. ऐकण्याची इच्छा नव्हती असं नाही. फार होती. कुकर उतरवला, उगाच भात हलवला, ताटं मांडली. दाराच्या फटीतून आबांची पाठ तेवढी दिसत होती. ते बोलत नव्हते, ऐकत होते. अधूनमधून मान हलवायचे आणि म्हणायचे, "व्हय." बऱ्याच वेळाने पुन्हा, "व्हय." एकदा त्यांनी टोपीने डोळे पुसले. फोन अर्धा तास चालला. एवढं आमच्या घरात कुणी संगीताताईंचं ऐकून घेतलेलं नव्हतं.

विकास शिफ्टवरून आला तेव्हा आबा फोन पुढ्यात ठेवून बसले होते. त्याने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "जेवायला बस."

"काय म्हणाल्या ताई?" वाढताना मी आबांना विचारलं.

"लय बोलली," आबा म्हणाले. भाताचा घास त्यांनी हातात धरून ठेवला होता. "शेवटी म्हणली, रविवारी येते. वैनीला म्हणावं, पुस्तक काढून ठेव, आधी मी वाचणार. मग काय लिवायचं ते लिव."

जेवण झाल्यावर मी स्टूल घेतलं, माळ्यावरची पिशवी खाली काढली आणि पडवीत बसून गाठी सोडवल्या. दोन्ही गाठी मीच मारलेल्या, सुटता सुटेनात, शेवटी आबांनी नखाने सोडवून दिल्या. मग मी एकशे बेचाळिसावं पान काढलं आणि त्यांच्या समोरच जिलबी खोडली.